शेवटच्या खांबावरची मोटर

रब्बीच्या दिवसांत जालना जिल्ह्यातल्या कोणत्याही शिवारात रात्री थोडा वेळ उभे राहिले, तर विजेचा एक धडा फुकट मिळतो. थ्री फेजची वीज आली की डीपीजवळच्या विहिरीवरची मोटर लगेच पाणी फेकू लागते. पाठोपाठ दुसरी आणि तिसरी सुरू होते. तारेच्या अगदी टोकाला, शेवटच्या खांबावरून जोडणी घेतलेला शेतकरी हिरवे बटण दाबतो, तेव्हा मात्र मोटर नुसती घुमते आणि स्टार्टर खटकन पडतो. तो पुन्हा बटण दाबतो. दोन-चार खटपटींनंतर मोटर कशीबशी फिरते, पाण्याची धार बारीक येते आणि तासाभराने जळक्या वार्निशचा वास सुटतो. दुसऱ्या दिवशी ती मोटर मोटारसायकलवर बांधून तालुक्याच्या गावी रिवायंडिंगला जाते. मोसंबीच्या बागेला पाणी द्यायचे असते. मोटर परत येईपर्यंतचे आठ दिवस झाडे वाट पाहत नाहीत.

‘होल्टेज नाही’ एवढेच याचे स्पष्टीकरण गावात दिले जाते, आणि ते बरोबरच आहे. पण व्होल्टेज का नसते? डीपीवर तर ते असते. मग वाटेत गेले कुठे? आणि व्होल्टेज कमी झाल्यावर मोटरमधून जाणारी विद्युतधाराही कमीच व्हायला हवी, मग मोटर जळते कशी? दहावीच्या विद्यार्थ्याला ओहमचा नियम पाठ असतो. विभवांतर भागिले धारा म्हणजे रोध, विभवांतर गुणिले धारा म्हणजे शक्ती, हेही तो सांगतो. त्याच्याच शेतातली मोटर का जळली, हे विचारले तर मात्र तो गप्प होतो. यात त्याचा दोष नाही. आपण त्याला सूत्र सांगितले, पण ते सूत्र कोणत्या अडचणीतून जन्मले आणि पुढे कोणत्या अडचणीत कामी आले, ते सांगायचे राहून गेले.

कुलुपे करणाऱ्याचा मुलगा

गेओर्ग झिमोन ओहम १७८९ साली जर्मनीतल्या एर्लांगेन गावी जन्मला. वडील कुलुपे करणारे कारागीर. त्यांनी स्वतःच्या हिमतीवर गणित शिकून घेतले होते आणि ते मुलांनाही शिकवले. ओहमकडे दोन गोष्टी घरातूनच आल्या असे म्हणता येईल: गणिताची गोडी आणि धातूवर काम करणारा हात. १८१७ पासून तो कोलोन शहरातल्या शाळेत गणित आणि भौतिकी शिकवत होता. शाळेच्या प्रयोगशाळेत बरी उपकरणे होती. जी नव्हती ती त्याने स्वतः बनवली. हा नियम एका शाळामास्तराने शाळेच्या प्रयोगशाळेत शोधला, हे आपल्या व्यवसायातल्या लोकांनी लक्षात ठेवायला हरकत नाही.

त्या काळी ओहमजवळ व्होल्टमीटर नव्हता, अँमीटर नव्हता, रोध हा शब्दही पक्का झालेला नव्हता. धारा वाहणाऱ्या तारेजवळ चुंबकसूची वळते, हे ओर्स्टेडने १८२० साली दाखवले होते. ओहमने तेच मोजमापाचे साधन केले. धातूच्या बारीक पट्टीला चुंबकसूची टांगायची, तिच्याखालून तार न्यायची, सूची वळली की वरची मूठ पिळून तिला पुन्हा मूळ जागी आणायचे. जितका पीळ द्यावा लागला, तितकी धारा.

१८२५ मध्ये त्याने पहिले निष्कर्ष छापले आणि ते चुकले. विद्युतघट वापरल्यामुळे मोजमाप चालू असतानाच घटाचा जोर उतरत होता. धारा कमी झाली ती तार लांब केल्यामुळे की घट थकल्यामुळे, हे वेगळे काढता येईना. त्याने मांडलेल्या सूत्रात लॉगॅरिथम होते. त्या संशोधनपत्रिकेचा संपादक पोगेनडॉर्फ याने त्याला एक सूचना केली: घट सोडा, औष्णिक युग्म वापरा. दोन भिन्न धातूंच्या सांध्यांचे तापमान वेगवेगळे ठेवले तर मंडलात धारा वाहते, हे झेबेकने १८२१ साली दाखवले होते. ओहमने बिस्मथ आणि तांबे यांचे युग्म केले. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. पाणी उकळत आहे आणि बर्फ वितळत आहे तोवर दोन्ही तापमाने ठाम, म्हणून विद्युतदाबही ठाम. चांगला प्रयोग म्हणजे महागडे उपकरण, असा समज असलेल्यांनी हे किटलीभर पाणी आणि भांडेभर बर्फ डोळ्यांसमोर आणावे.

जानेवारी १८२६ मध्ये त्याने एकाच जाडीच्या तांब्याच्या आठ तारा एकामागून एक मंडलात घातल्या. सर्वांत छोटी २ इंचांची, सर्वांत लांब १३० इंचांची. त्याच्या नोंदींपैकी चारच पाहू. २ इंचांच्या तारेला पिळाचे माप सुमारे ३२७ आले, १८ इंचांना १९१, ६६ इंचांना ८३ आणि १३० इंचांना साडेअठ्ठेचाळीस. तार दुप्पट केली म्हणून धारा निम्मी झाली, असे या आकड्यांत कुठेच दिसत नाही. इथे एखादा कच्चा प्रयोगकर्ता हताश झाला असता. ओहमने मात्र ओळखले की धारेला फक्त ही तार ओलांडायची नाही. युग्म, जोड, उरलेले सगळे मंडल ओलांडायचे आहे. तारेच्या लांबीत एक ठरावीक आकडा मिळवला की सगळे जुळते. त्याच्या प्रयोगात हा आकडा सव्वावीस आला. म्हणजे उरलेल्या मंडलाचा अडथळा त्याच तारेच्या सव्वावीस इंचांएवढा. आणि वरचा आकडा ७२८५. करून पाहा: ७२८५ भागिले (२ + २०.२५) म्हणजे ३२७.४. ७२८५ भागिले (१३० + २०.२५) म्हणजे ४८.५. पिळाच्या मापांचे व्यस्तांक काढून लांबीसमोर आलेखात मांडले तर बिंदू सरळ रेषेवर बसतात. अकरावीच्या वर्गात हा तास घ्यायला एक आलेखकागद पुरेसा आहे.

पुढे त्याने सांध्यांच्या तापमानातला फरक कमी केला. वरचा आकडा बदलला, खालचा सव्वावीस मात्र जवळजवळ तसाच राहिला. म्हणजे वरचा आकडा ढकलणाऱ्याचा आणि खालचा अडवणाऱ्याचा. विभवांतर आणि रोध या दोन कल्पना एकमेकींपासून सुट्या झाल्या त्या इथे.

आपल्या शाळांतला ओहमच्या नियमाचा प्रयोग या तुलनेत फिका आहे, असे मला नेहमी वाटते. आपण व्होल्टमीटर आणि अँमीटर जोडतो, वाचने घेतो, सरळ रेषा येते, नियम ‘सिद्ध’ होतो. पण काट्याचा व्होल्टमीटर म्हणजे काय? मोठा रोध जोडलेला एक नाजूक धारामापक. त्याच्या पट्टीवर व्होल्टचे आकडे लिहिले आहेत ते ओहमचा नियम खरा आहे असे आधीच धरून. एखाद्या चलाख विद्यार्थ्याने ही शंका काढली तर त्याला गप्प करू नये.

१८२७ साली ओहमने हे सारे गणिती रूपात पुस्तकात मांडले. स्वागत थंड झाले. निसर्गाचे रहस्य असे तारांच्या लांबीतून आणि भागाकारातून उलगडते, ही कल्पनाच तेव्हाच्या काही जर्मन विद्वानांना हलकी वाटली. ओहमने कोलोनची नोकरी सोडली आणि त्यानंतर काही वर्षे त्याला धड जागा मिळाली नाही. १८३३ मध्ये तो न्यूरेंबर्गच्या तंत्रशाळेत लागला. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कॉप्ली पदक दिले ते १८४१ मध्ये. विद्यापीठातले प्राध्यापकपद मिळाले १८५२ मध्ये, आणि १८५४ मध्ये तो वारला. इंग्लंडमध्ये हेन्री कॅव्हेंडिश १७८१ च्या सुमारास असल्याच निष्कर्षाजवळ पोहोचला होता. त्याचा धारामापक म्हणजे त्याचे स्वतःचे शरीर. मिठाच्या पाण्याच्या नळ्यांतून बसणारे झटके तो हातांनी तोलून पाहत असे. त्याने ते छापलेच नाही. मॅक्सवेलने त्याची टिपणे १८७९ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा जगाला कळले.

उष्णतेचा हिशेब

ओहमच्या नियमातून धारा किती ते कळते. त्या धारेने तार किती तापेल, हा पुढचा प्रश्न. तो मँचेस्टरजवळच्या सॅलफर्डमधल्या एका दारूभट्टीवाल्याच्या मुलाने सोडवला. जेम्स ज्यूल १८४० मध्ये बावीस वर्षांचाही नव्हता. काचेच्या भांड्यात पाणी, त्यात तारेचे वेटोळे, त्यात तापमापी, असा त्याचा प्रयोग. धारेचे एकक तेव्हा नव्हते म्हणून त्याने स्वतःचे ठरवले: तासाभरात ठरावीक वजनाचे पाणी विघटित करणारी ती एक अंश धारा. धारा दुप्पट केली की उष्णता चौपट होते आणि रोध दुप्पट केला की दुप्पट, हे त्याला दिसले. उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा तो निष्कर्ष. रशियात लेंझनेही स्वतंत्रपणे तेच शोधले.

एककांची नावे नंतर आली. ओहम, व्होल्ट, अँपिअर ही १८८१ च्या पॅरिस परिषदेत आंतरराष्ट्रीय झाली. वॅट हे नाव विल्यम सीमेन्सने १८८२ मध्ये सुचवले आणि १८८९ मध्ये मान्य झाले. विजेच्या शक्तीला वाफेच्या इंजिनवाल्याचे नाव मिळाले, कारण गिऱ्हाईक विजेची तुलना वाफेशीच करत होते.

इथे वर्गात हमखास एक गोंधळ होतो. शक्ती म्हणजे धारेचा वर्ग गुणिले रोध. त्यावरून वाटते, रोध वाढला की उष्णता वाढते. शक्ती म्हणजे विभवांतराचा वर्ग भागिले रोध, असेही आपणच सांगतो. त्यावरून वाटते, रोध वाढला की उष्णता घटते. खरे काय? दोन्ही. प्रश्न असतो तो यांतले ठाम काय राहते हा. घरातल्या प्लगवर विभवांतर जवळपास ठाम असते, तिथे कमी रोधाची शेगडी जास्त तापते. एकाच मंडलात एकसर जोडलेल्या दोन तारांतून धारा एकच वाहते, तिथे जास्त रोधाची तार जास्त तापते. विद्युतवाहिनी आणि तिच्या टोकाचा पंप हे असेच एकसर जोडलेले असतात, हे ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

एक छोटे गणित आधी करू. १००० वॅटची शेगडी २३० व्होल्टला सुमारे ४.३५ अँपिअर धारा घेते, म्हणजे तिचा रोध सुमारे ५३ ओहम. गावात १८० व्होल्ट येत असतील तर शक्ती होईल १८० चा वर्ग भागिले ५३, म्हणजे सुमारे ६१० वॅट. विभवांतर पाचव्या हिश्शाहून थोडे जास्त घटले आणि उष्णता मात्र दोन पंचमांशाने घटली. जुन्या १०० वॅटच्या तारेच्या दिव्याचे हेच गणित केले तर रोध ५२९ ओहम येतो. पण तोच दिवा हातात घेऊन मल्टिमीटर लावला तर ४० ओहमच्या आसपास आकडा दिसतो. मुले म्हणतात, सूत्र चुकले. सूत्र चुकलेले नाही. पेटलेल्या दिव्याची टंगस्टनची तार अडीच हजार अंशांच्या घरात तापलेली असते आणि तापलेल्या धातूचा रोध वाढतो. ओहमने आपल्या तारा थंड ठेवल्या होत्या, हे त्याचे नशीब म्हणा की शहाणपण.

तांब्याचा खर्च

ही दोन सूत्रे एकत्र ठेवून पैशांचा हिशेब पहिल्यांदा एडिसनने केला. १८७८-७९ मध्ये दिवा बनवणारे इतरही होते, पण बहुतेकांचे दिवे कमी रोधाचे होते. एडिसनने उलट विचार केला. समजा, १०० वॅटचा दिवा हवा आहे. तो १ ओहमचा केला तर त्याला १० व्होल्ट आणि १० अँपिअर लागतील. तोच १०० ओहमचा केला तर १०० व्होल्ट आणि १ अँपिअर. उजेड तेवढाच. पण रस्त्याखालच्या त्याच तारेत पहिल्या दिव्यामुळे वाया जाणारी उष्णता दुसऱ्याच्या १०० पट. ती कमी करायची तर तांबे शंभरपट जाड घालावे लागेल आणि कंपनीचे दिवाळे निघेल. म्हणून त्याने बारीक, उच्च रोधाच्या कार्बनच्या तंतूचा ध्यास घेतला. १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरचे त्याचे वीजकेंद्र सुमारे ११० व्होल्टवर सुरू झाले.

पण ११० व्होल्टची वीज मैल-दीड मैलापलीकडे जाईना. आणखी उंच विभवांतर हवे, पण घरात हजारो व्होल्ट आणणार कसे? प्रत्यावर्ती धारा आणि रोहित्र यांनी तो पेच सुटला. १८९१ मध्ये जर्मनीत लाउफेनहून फ्रँकफुर्टपर्यंत १७५ किलोमीटर वीज नेऊन दाखवली गेली, आणि तीन चतुर्थांश वीज पलीकडच्या टोकाला पोहोचली.

आपल्या राज्यातला मोठा प्रयोग १९१५ सालचा. लोणावळ्याच्या परिसरातली पावसाची तळी, घाटाखाली खोपोली आणि सुमारे ७० किलोमीटरवर कोळशाच्या वाफेवर चालणाऱ्या मुंबईच्या गिरण्या. जमशेटजी टाटांच्या मनातली ही योजना त्यांच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी पुरी झाली. पाणी सतराशे फुटांहून अधिक खाली सोडायचे, त्यावर जनित्रे फिरवायची आणि वीज सुमारे एक लाख व्होल्टवर मुंबईला न्यायची. दहा हजारांऐवजी एक लाख व्होल्ट घेतले तर तेवढ्याच शक्तीला धारा दहावा हिस्सा लागते आणि वाटेतली उष्णता शंभरावा हिस्सा होते. १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा ही केंद्रे आली. भिऱ्यासाठी मुळशीला धरण बांधताना मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. १९२१ पासून तिथे सेनापती बापटांचा सत्याग्रह चालला, तो पाण्याखाली जाणाऱ्या त्या जमिनींसाठी. वाहिनीत किती वॅट वाया गेले याचा हिशेब देणाऱ्या सूत्रात भातखाचरांना जागा नसते.

हे सगळे चालू होते तेव्हा जालना निजामाच्या राज्यात होते. मराठवाडा १९४८ मध्ये मुक्त झाला, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. त्याच साली राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. कोयनेची वीज १९६२ मध्ये सुरू झाली. मराठवाड्यातले परळीचे औष्णिक केंद्र १९७१ मध्ये. जालना जिल्हा स्वतंत्र झाला १ मे १९८१ रोजी. या काळात खेडोपाडी वीज पोहोचवायची घाई होती, आणि ती योग्यच होती. ११ हजार व्होल्टची वाहिनी गावापर्यंत आणायची, तिथे एक डीपी बसवायची आणि तिथून पुढे ४१५ व्होल्टच्या उघड्या तारा खांबाखांबाने शिवारात न्यायच्या. एका विहिरीवरून दुसऱ्या, दुसरीवरून तिसऱ्या. नवी जोडणी द्यायची तर चार खांब वाढवायचे, हे स्वस्तही पडत होते.

नवव्या पंपाचे गणित

आता शिवारातल्या त्या रात्रीकडे परत जाऊ. डीपीपासून एक किलोमीटरवर सहा शेतकऱ्यांचे पाच अश्वशक्तीचे पंप आहेत असे समजा. तीन फेजची वीज. फेज आणि न्यूट्रल यांच्यात २४० व्होल्ट, दोन फेजमध्ये ४१५. पुरा दाब मिळाला तर असा एक पंप प्रत्येक फेजमधून सुमारे ८ अँपिअर घेतो. सहा पंपांचे ४८ अँपिअर. अशा वाहिनीवर नेहमी दिसणाऱ्या ॲल्युमिनियमच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे ०.९३ ओहम धरू. बाकीचे बारकावे बाजूला ठेवू.

ओहमच्या नियमाने तारेत ४८ गुणिले ०.९३, म्हणजे जवळजवळ ४५ व्होल्ट खर्ची पडतात. पंपाजवळ उरले १९५. गणित इथे संपले असे वाटते, पण संपत नाही. शेगडी असती तर दाब घटल्यावर तिने धारा कमी घेतली असती. मोटर तसे करत नाही. तिच्यावर पाणी उपसण्याचे काम लादलेले आहे. विहिरीची खोली तीच, पाणी तेच, म्हणून शक्ती साधारण तेवढीच लागते. विभवांतर कमी झाले की ती धारा जास्त ओढून भरपाई करते. मोटरला ओहमचा नियम शेगडीसारखा लावता येत नाही, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत ठळकपणे यायला हवे. धारा वाढली की तारेतली घट आणखी वाढते, पंपाजवळचे विभवांतर आणखी उतरते, धारा पुन्हा वाढते. हे चक्र थांबते कुठे?

पंपाजवळचे विभवांतर क्ष मानू. शक्ती ठाम राहायची तर धारा होईल ४८ × २४० ÷ क्ष. तारेतली घट ०.९३ गुणिले ही धारा. आणि क्ष म्हणजे २४० वजा ही घट. दोन्ही बाजूंना क्ष ने गुणले की नववी-दहावीतले वर्गसमीकरण मिळते: क्ष² − २४०क्ष + १०,७१४ = ०. मोठे मूळ सुमारे १८१. दोन फेजमधले विभवांतर ४१५ ऐवजी सुमारे ३१३ आणि तारेतली धारा ४८ ऐवजी ६४ अँपिअर. तीन तारांत मिळून वाया जाणारी उष्णता ३ × ६४ चा वर्ग × ०.९३, म्हणजे ११ किलोवॅटहून अधिक. सहा पंपांसाठी पाठवलेल्या विजेतून आणखी दोन पंप चालतील एवढी वीज खांबावरची चिमणी शेकण्यात जाते.

प्रत्येक मोटरच्या वेटोळ्यातली धाराही त्याच प्रमाणात, म्हणजे सुमारे एक तृतीयांशाने, वाढलेली आहे. ज्यूलच्या नियमाने तिथली उष्णता पावणेदोन पट. वार्निशचा वास येतो तो इथून. मोटर सुरूच का होत नाही, त्याचेही उत्तर यातच आहे. फिरायला लागताना मोटरचा जोर विभवांतराच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. दाब तीन चतुर्थांश उरला की सुरुवातीचा जोर सुमारे ५७ टक्के. शिवाय त्या क्षणी ती नेहमीच्या पाच-सहा पट धारा ओढते, म्हणजे तिच्याच ओढीने तिचा दाब आणखी पडतो. ती घुमते आणि स्टार्टर पडतो.

आता त्याच टोकाला पंप वाढवत जा. सात पंपांना क्ष येतो सुमारे १६४, आठांना सुमारे १३१. नवव्या पंपाला वर्गमुळातली संख्या ऋण होते. समीकरणाला वास्तव मूळच नाही. म्हणजे नऊ पंपांना लागणारी शक्ती या तारेतून कोणत्याही विभवांतराला पोहोचूच शकत नाही. ‘विवेचक ऋण असेल तर मुळे वास्तव नसतात’ हे वाक्य आपण फळ्यावर किती वेळा लिहितो! शिवारात त्याचा अर्थ असा की दाब कोसळतो, मोटारी बंद पडतात किंवा डीपीचा फ्यूज उडतो. त्यात घरोघरी स्टार्टरला ‘ऑटो’ बसवलेला. वीज येताक्षणी सगळ्या मोटारी एकदम धारा ओढतात, आणि डीपी जळाली की आठ-आठ दिवस गाव तिची वाट पाहते. दोष आकडे टाकणाऱ्यांना दिला जातो, आणि तो काही अंशी खराही आहे. पण सगळ्यांनी रीतसर पैसे भरले असते तरी वर्गसमीकरणाने कोणाला सवलत दिली नसती.

उपाय एडिसनने आणि खोपोलीने दाखवलेलाच आहे. ११ हजार व्होल्टची वाहिनीच विहिरीजवळ न्यायची आणि एक-दोन पंपांना मिळून एक छोटे रोहित्र द्यायचे. २०१८ मध्ये राज्यात शेतीपंपांसाठी उच्चदाब वितरण प्रणालीची योजना हाती घेतली गेली ती हीच. आपल्या सहा पंपांची शक्ती ११ हजार व्होल्टवर नेली तर धारा दोन अँपिअरही लागत नाही आणि त्या किलोमीटरभर तारेतली उष्णता ११ हजार वॅटवरून दहा वॅटच्या खाली येते. हे आकडे विद्यार्थ्यांना स्वतः काढू द्यावेत. सांगितल्यावर त्यांचा विश्वास बसत नाही. मात्र फुकट काही नाही. प्रत्येक छोटे रोहित्र, पंप बंद असतानाही, आपल्या लोखंडी गाभ्यात थोडी वीज खात राहते, आणि खर्च मोठा येतो. कमी खर्चाचा अर्धा उपाय म्हणजे मोटरला कपॅसिटर बसवणे. त्याने तारेतून वाहणारी निरुपयोगी धारा कमी होते. तो अनेक ठिकाणी बसवलेला असतो आणि अनेक ठिकाणी काढून ठेवलेला असतो.

शिवारात ज्या उष्णतेने मोटारी जळतात, तिच्यावरच जालना शहराचा पोलाद उद्योग उभा आहे. इथल्या सळया राज्यभर जातात. औद्योगिक वसाहतीतल्या प्रवर्तन भट्टीत मोडीचे लोखंड वितळवतात, तिथे ज्वाला नसते आणि तापवायची तारही नसते. तांब्याच्या नळीचे मोठे वेटोळे असते, त्यातून सेकंदाला शेकडो वेळा दिशा बदलणारी धारा वाहते. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवल्याप्रमाणे तिच्यामुळे मधल्या लोखंडातच भोवऱ्यासारख्या धारा उठतात आणि लोखंडाच्या स्वतःच्या रोधामुळे ते आतून तापते. एक टन लोखंड सोळाशे अंशांपर्यंत वितळवायला हिशेबाने पावणेचारशे ते चारशे युनिट पुरावेत; प्रत्यक्षात साधारण साडेपाचशे ते साडेसहाशे लागतात. फरकातला मोठा भाग त्या तांब्याच्या वेटोळ्यात जातो, कारण धारेचा वर्ग आणि रोध यांचा गुणाकार तिथेही चुकत नाही. म्हणून वेटोळे पोकळ नळीचे असते आणि तिच्यातून सतत पाणी फिरवावे लागते. ते पाणी थांबले तर लोखंडाआधी वेटोळेच वितळेल.

जालना-अंबडकडच्या शाळांतल्या बऱ्याच मुलांच्या घरच्या स्टार्टरच्या पेटीवर एक व्होल्टमीटर आणि एक अँमीटर बसवलेला असतो. पेटी न उघडता, कशालाही हात न लावता, फक्त काचेतून काटे वाचायचे: शेजाऱ्यांच्या मोटारी बंद असताना एकदा, सगळ्या सुरू असताना एकदा, आणि डीपीपासून आपला खांब कितवा ते. दहा-बारा मुलांच्या नोंदी जमल्या की खांबाचा क्रमांक आडव्या अक्षावर आणि व्होल्ट उभ्या अक्षावर मांडायचे. ओहमच्या आठ तारांइतकी स्वच्छ रेषा येणार नाही. एखादा बिंदू भलतीकडे पडेल. त्या खांबावरचा जोड सैल आहे की तिथून कोणी आकडा टाकला आहे, हे मुलेच सांगतील.